सात वाजून दहा मिनिटं

२ मार्च, संध्याकाळी साडेपाच

ताई,

"पत्र नको, नुसता तक्ता पाठव," असा निरोप तू भाऊजींकरवी दिलास. तक्ता सोबत आहे. पण नुसता तक्ता पाकिटात हलतो, त्याचे कोपरे दुमडतात, आणि मी पडले बाइंडर. दुमडलेला कोपरा माझ्याच्याने बघवत नाही. म्हणून हा कागद त्याच्याभोवती गुंडाळलाय. त्यावर काही लिहिलेलं दिसलं तर वाचू नकोस. वाचलंसच तर मला कळवू नकोस.

तुझी अट लक्षात आहे: फेब्रुवारी आणि मार्चचे पूर्ण तक्ते, एप्रिलचा पंधरा तारखेपर्यंतचा. ते नीट असले तर तू तिकीट काढणार आणि तुझ्याकडे असलेली माझी लेक मुंगी मेच्या सुट्टीत बारा दिवस माझ्याकडे राहणार. चार वर्षांनी. या अटीवर माझी काही तक्रार नाही. दुधाने तोंड पोळलंय तुझं, तू ताकही फुंकूनच पिणार.

आता तक्ता कसा वाचायचा ते सांगते. पाच रकाने आहेत: उठले, पहिलं माणूस भेटलं, काम सुरू केलं, जेवले, झोपले. सहाव्यात मनाचा आकडा. शून्य म्हणजे ठीक. उणे पाच म्हणजे पलंगावरून पाय खाली टाकवत नाही. अधिक पाच म्हणजे काय ते तू डोळ्यांनी पाहिलं आहेस, मी कशाला सांगू? महिनाभर आकडे उणे एक आणि अधिक एकच्या मध्येच आहेत. एकच दिवस उणे दोन आहे. त्या दिवशी मुंगी बारा वर्षांची झाली.

"पहिलं माणूस" हे काय खूळ, असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बायपोलर असला की शरीराला वेळ आतून नीट कळत नाही. बाहेरून सांगावी लागते. गोळ्या त्यांचं काम करतील, पण उठणं, जेवण, झोप आणि माणसं वेळेवर भेटणं हे तुझं काम." आता एकट्या बाईने रोज ठरलेल्या वेळी माणूस आणायचं कुठून? खालच्या मजल्यावर गणिताचे एक निवृत्त मास्तर राहतात. तेही एकटे. डोळे अधू झालेत, पेपरातले मथळे दिसतात, बारीक मजकूर दिसत नाही. मी जाऊन विचारलं, रोज सात वाजून दहा मिनिटांनी येऊन अर्धं पान वाचून दाखवलं तर चालेल का?

"सात दहाच का? सात का नाही?"

"सहाला उठते. आवरायला सत्तर मिनिटं लागतात."

हिशेब बरोबर आला म्हणून हो म्हणाले. पहिल्याच आठवड्यात मी एकदा पाच मिनिटं आधी गेले. त्यांनी दार उघडलं, मनगटावरचं घड्याळ डोळ्याजवळ नेलं, म्हणाले, "अजून पाच मिनिटं आहेत," आणि दार लावून घेतलं. मी जिन्यात उभी! हसावं की रडावं कळेना. सात दहाला परत दार उघडलं, जणू काही झालंच नाही. "ये बाइंडर. आज कशी?" मी आकडा सांगायचा. शून्य. "उत्तम. वाच."

कामावरही तसंच. पुस्तकबांधणीच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी मला घेतलं ते एका अटीवर, नऊला यायचं, पाचला जायचं, जास्तीचं काम नाही. पाचचा ठोका पडला की हातातली सुई काढून घेतात. जुज अर्धं शिवून झालेलं असलं तरी. जुज म्हणजे पानांची घडी, अशा घड्या एकावर एक शिवल्या की पुस्तक होतं, हे तुला लहानपणी शंभरदा सांगितलंय.

मुंगीचा पुढचा वाकडा दात सरळ झाला का? नको, उत्तर नको.

तुझी धाकटी


१ एप्रिल, संध्याकाळी सहा

ताई,

तुझं पोस्टकार्ड आलं. "मिळाला." एवढंच. ते मी खिडकीच्या काचेला लावलंय. मास्तरांना दाखवलं तर म्हणाले, "उत्तर बरोबर, रीत दाखवलेली नाही. तरी गुण देतो."

मार्चचा तक्ता सोबत आहे. स्वच्छ आहे, फक्त एकोणीस तारखेवर खळीचा अंगठा उमटलाय. तो तेवढा माफ कर. बाइंडरच्या हाताला खळ नसेल तर ती बाइंडर कसली?

तू माझ्यावर का रागावली आहेस ते मला माहीत आहे. आईच्या वह्या. त्यांची माफी कितीदा मागितली, पण काय झालं ते कधी सरळ सांगितलं नाही, आज सांगते. चार वर्षांपूर्वी, आकडा अधिक पाच होता त्या तीन दिवसांत, मला असं वाटलं होतं की आईच्या रोजनिशीच्या सातही वह्या चुकीच्या क्रमाने लावल्या आहेत. तारखेने लावण्यात काय अर्थ? शाईच्या रंगाने लावायला हव्यात. निळ्या दिवसांची एक वही, काळ्या दिवसांची एक. मी सगळ्या उसवल्या, नव्याने शिवल्या, आणि कडा सारख्या दिसाव्यात म्हणून कटिंग मशीनखाली धरल्या. खळ ओली असताना. अर्धा इंच गेला. आई कागद वाया जाऊ नये म्हणून पार कडेपर्यंत लिहायची, हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत होतं? प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द कातरणात गेला, आणि कातरण मी त्याच दिवशी झाडून टाकलं.

मालकीणबाई म्हणतात, "ओल्या खळीला सुरी लावू नये." तेव्हा कोणी म्हटलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

एक ओळ मला छळते. "धाकटीला ताप. ताई रात्रभर" आणि पुढे नाही. रात्रभर काय, ताई? तुला आठवतं का?

त्याच दिवसांत शाळेचंही जरा झालं. ते तर तुला ठाऊकच आहे.

प्रबंधांचा मोसम सुरू झालाय. विद्यार्थी रडवेली तोंडं घेऊन येतात, उद्याच हवंय म्हणतात. मालकीणबाईंच्या भावाचं ऑपरेशन आहे, त्या तीन आठवडे बाहेरगावी चालल्यात. दुकानाची किल्ली माझ्याकडे देताना त्यांनी दोनदा मूठ उघडली आणि दोनदा मिटली. "पाच म्हणजे पाच," म्हणाल्या.

"पाच म्हणजे पाच," मी म्हटलं.

तुझी धाकटी


९ एप्रिल

ताई,

तक्ता गुंडाळायचा नाहीये, तरी लिहिते. सांगण्यासारखं इतकं आहे की पंधरापर्यंत दम निघत नाही.

पहिली गोष्ट, मुंगीसाठी पलंग. जुन्या दुकानाच्या फळ्या मिळाल्या, मी स्वतः घासल्या, स्वतः ठोकला. खाली खण केलेत. दुसरी गोष्ट, भिंत. पिवळी केली, मग वाटलं पिवळी फार ओरडते, मग हिरवी केली, छान झाली. तिसरी, तिच्यासाठी बारा वह्या बांधतेय. बारा दिवसांच्या बारा, प्रत्येकीची शिलाई वेगळी, पहिल्या दिवशी साधी, शेवटच्या दिवशी सगळ्यात अवघड. बारा दिवसांत पोरगी अर्धी बाइंडर होऊन परत येईल, मग तू म्हणशील, मुलगी दिली होती, कारागीर परत आला.

बेचाळीस प्रबंध आलेत. एकालाही नाही म्हटलं नाही. का म्हणू? हात चालतात. ताई, माझे हात इतके कधीच चालले नव्हते. दिवसाला सहा करायचे, मी दहा करते. आकडा एक. फार तर दीड.

मास्तर मात्र जुनाट होत चाललेत. परवा मी सहा वीसला गेले, म्हटलं आवरून झालंच आहे तर कशाला थांबा. तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं. "पन्नास मिनिटं आहेत." पन्नास मिनिटांत मी दोन पुस्तकांची शिलाई करते! सात दहाला गेले आणि पेपर भरभर वाचला, तर म्हणतात, "बाइंडर, पूर्णविराम खाऊ नकोस." मी हसले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, म्हणजे त्यांच्या अधू डोळ्यांनी जेवढं बघता येतं तेवढं. "आज कशी?" त्यांनी परत विचारलं. दिवसातून एकदाच विचारायचं असं ठरलेलं असताना!

आणि आईच्या वह्या. सांगू? ओळींचे शेवटचे शब्द मला आता आपोआप सुचतात. काल एका बैठकीत दोनशे ओळी पूर्ण केल्या. "ताई रात्रभर गात होती." बरोबर आहे ना? मला ऐकूच आलं.

उतावळेपणा वाटेल तुला. नाही गं. आनंद आहे नुसता. आईला मुलीचा आनंद होऊ नये का?


१४ एप्रिल, पहाटे तीन पन्नास

ताई,

वरची वेळ चुकून लिहिली. सवय लागलीये वेळ टाकायची. म्हणजे मी उठले आत्ताच, पाणी प्यायला, पुन्हा झोपणार आहे.

पंधरापर्यंतचा तक्ता सोबत ठेवतेय. उद्या सकाळी दुकानात जाताना पेटीत टाकते, म्हणजे तुला सतराला मिळेल आणि तिकीट वेळेत निघेल. बघ, किती सरळ आहे. सहा, सात दहा, नऊ, साडेबारा, दहा. सहा, सात दहा, नऊ, साडेबारा, दहा. एकही डाग नाही.

मध्ये दोन दिवस मास्तरांकडे जायचं राहिलं, कामच इतकं, पण आज जाणार आहे आणि उद्याही जाणार आहे, त्यामुळे ते दोन दिवस धरले काय न धरले काय. रात्रीची गोळी चार दिवस बाजूला ठेवलीये, तिने डोळे जड होतात आणि प्रबंध वीस तारखेचे आहेत. वीसनंतर घेईनच. डॉक्टरीणबाईंना सांगायची गरज नाही, त्यांना दुसरेही पेशंट आहेत.

दार वाजतंय असं वाटतं. कोणी नाही. घरात गरम होतंय. मुंगीला सांग, पलंगाला खण आहेत.

(नंतर, आठ वाजता) मास्तरांकडे जाऊन आले. बरोबर सात दहाला. म्हणाले, "दोन दिवस कुठे होतीस?" मी म्हटलं, काम. "उद्या येणार?" मी म्हटलं, येणार. सात दहा.


१६ एप्रिल, दुपारी एक

ताई,

तिकीट काढू नकोस.

पाकीट तुला उद्या मिळेल. त्यात नुसता तक्ता आहे, नऊचं आणि चौदाचं पत्र मी टाकलंच नव्हतं, ती यासोबत ठेवतेय. तो तक्ता खोटा आहे. नऊ तारखेपासूनच्या सगळ्या ओळी मी एकाच दिवशी, एकाच बैठकीत, एकाच पेनाने भरल्या. पंधरा तारखेचीसुद्धा. पंधरा तारीख उजाडण्याआधीच मी लिहून मोकळी झाले होते: "७.१०, मास्तर."

पंधराला पहाटे पाच वाजता मी पाकीट पेटीत टाकलं आणि दुकानात गेले. सात दहाला मी कटिंग मशीनवर होते. घड्याळाकडे बघितलंही नाही.

मास्तर साडेसहाला न्हाणीघरात पाय घसरून पडले. मनगट मोडलं, बरगडीला मार लागला. उठता येईना. फोन बाहेरच्या खोलीत. वरच्या मजल्यावरची नर्स ड्यूटीवरून नऊला परत आली, तेव्हा तिला नळाच्या पाइपवर ठोकल्याचा आवाज आला. नऊ दहाला तिने दार उघडवलं.

मी अकराला धागा न्यायला घरी आले आणि त्यांचं दार सताड उघडं दिसलं. नर्स म्हणाली, "तुम्हीच का त्या बाइंडर? स्ट्रेचरवरही विचारत होते, बाइंडर आली का म्हणून."

मी हॉस्पिटलात गेले. हाताला पट्ट्या बांधलेल्या, तोंड कोरडं. मी विचारलं, "तुम्ही हाका का नाही मारल्या?"

"आधी नाही मारल्या. म्हटलं आवाज वाया का घालवा? सात दहाला तू येणारच होतीस. चाळीस मिनिटं काय, निघतात." मग म्हणाले, "सात पंधरा झाले तेव्हा म्हटलं, आज पाच मिनिटं उशीर. साडेसातनंतर हाका मारल्या. मग मग मोजायचं सोडून दिलं."

ताई, गणिताच्या मास्तरांनी मोजायचं सोडून दिलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते, त्या दिवशी माझ्या अंगात तेवढं बळ होतं. त्यांनी फक्त विचारलं, "आज कशी?"

आणि मी पंधरा दिवसांत पहिल्यांदा खरं सांगितलं. "अधिक चार."

"मग इथे काय करतेस? डॉक्टरकडे जा. आत्ता. मी कुठे पळून जात नाही."

मी गेले. गोळी परत सुरू झाली, एक नवीनही वाढवली. डॉक्टरीणबाईंनी दुकानाची किल्ली माझ्याकडून काढून घेतली आणि मालकीणबाईंना फोन लावला. कपाटावर अकरा प्रबंध पडलेत, ओल्या खळीवर कापलेले, तिरके. पोरांची वर्षं आहेत त्यात. ते सगळं निस्तरायचंय.

पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. चार वर्षं मी तुला वह्यांबद्दल लिहितेय, बोलतेय, माफी मागतेय. वह्यांची माफी मागणं सोपं होतं म्हणून. "शाळेचंही जरा झालं," असं मी लिहिलं होतं. जरा नव्हतं. शाळा साडेबाराला सुटली. मुंगी आठ वर्षांची होती. मी कटिंग मशीनवर आईच्या वह्यांच्या कडा सारख्या करत होते. ती फाटकापाशी वॉचमनच्या बाकावर बसली होती, सहा वाजेपर्यंत. साडेपाच तास. तू येऊन तिला नेलंस. वॉचमनला ती दर वेळी एकच सांगत होती, "आई येणारे. आईला जरा उशीर होतो." हे तू मला एकदाच सांगितलंस, आणि मी तेव्हा तुला म्हटलं होतं की तू तिखटमीठ लावून सांगतेस.

तू लावलं नव्हतंस. मला माहीत होतं.

आता दुसऱ्या माणसालाही मी तसंच बसवून ठेवलं. मुंगीला पाठवू नकोस. हे लिहिताना उठून तीनदा येरझाऱ्या घातल्यात, पण लिहिलंय ते खरं आहे. पाठवू नकोस.


३० एप्रिल, संध्याकाळी साडेपाच

ताई,

तुझं काही आलं नाही. येऊ नये हेच बरोबर.

तक्ता सोबत आहे. नऊ ते पंधराच्या ओळी मी आठवून पुन्हा लिहिल्यात, जेवढ्या आठवल्या तेवढ्या. बाकी ठिकाणी "माहीत नाही" असं लिहिलंय. असा घाणेरडा तक्ता मी आजवर कोणाला दिला नव्हता. सोळापासूनच्या ओळी खऱ्या आहेत. आकडे उतरत गेलेत, आज उणे तीन. वर जाताना जिना दिसत नाही, खाली येताना प्रत्येक पायरी मोजावी लागते. सकाळी सहाला पाय खाली टाकायला वीस मिनिटं लागतात. पण खाली जायचंच असतं.

मास्तर घरी आलेत. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणजे दाराची कडी त्यांना काढता येत नाही. त्यांनी मला किल्ली दिली. मी म्हटलं, "मला कशाला देता? माझा भरवसा काय?" तर म्हणाले, "एका उदाहरणावरून नियम मोडत नाही. दोनदा चुकलीस तर काढून घेईन." त्यांना कसं सांगू की हे दुसरं उदाहरण आहे?

मग सांगितलं. फाटकाचं सगळं. त्यांनी डाव्या हाताने पेपर माझ्यापुढे सरकवला. नंतर म्हणाले, "वाच."

मी रोज वाचते. कधीकधी एका ओळीवरच अडकते, डोळे पुढे सरकत नाहीत. ते घाई करत नाहीत. मग नऊला दुकान. मालकीणबाई परत आल्यात, अकरा प्रबंध उसवून नव्याने शिवतोय, पोरांच्या शिव्या त्या स्वतः खातात. पाचला सुई काढून घेतात. माझ्याशी अजून बोलत नाहीत, पण आज माझ्यासमोर चहाचा कप आपटला. म्हणजे बरीच प्रगती आहे.

आईच्या वह्यांत मी पेन्सिलीने घुसडलेले दोनशे शब्द खोडरबराने पुसले. चार संध्याकाळी गेल्या. सगळं पुन्हा अर्धवट झालंय, होतं तसं.

बारा वह्यांपैकी पाच बांधून झाल्या होत्या. त्या खणात ठेवल्यात.

तुझी धाकटी


१३ मे, संध्याकाळी साडेपाच

ताई,

तुझं पत्र! चार पानं! ते मी दुकानात उघडलं आणि पाचला मालकीणबाईंना सुई मागावी लागली नाही, ती जमिनीवरच पडली होती.

आधी मी पहिलंच पान तीनदा वाचलं. माझा तो खोटा तक्ता बघून तूच मुंगीला बॅग भरायला सांगितलंस. दोन दिवस बॅग दारात उभी होती. मग माझं दुसरं पत्र आलं. तू तिला बसवून सगळं वाचून दाखवलंस, कारण तिच्याशी खोटं बोलायचं नाही असं तू ठरवलं आहेस. हे वाचताना मला तुझा राग आला, ताई, खोटं कशाला बोलू. माझी लाज तिच्यापुढे मांडायचा तुला काय हक्क? जिन्यात जाऊन बसले. मग आठवलं की तिने ती आधीच पाहिलेली आहे, बाकावर बसून.

आणि मग ते तिचं विचारणं. "मास्तर किती वेळ वाट बघत होते?"

"सात दहापासून. दोन तास," तू म्हणालीस.

"मग मी जास्त," ती म्हणाली. आणि बॅग उघडून कपडे स्वतःच कपाटात लावले.

तू लिहितेस की त्यानंतर दोन आठवडे ती माझ्याबद्दल एक शब्द बोलली नाही. मग माझं तीस तारखेचं पत्र आल्यावर तिने विचारलं, "आई अजून त्यांच्याकडे जाते? रोज?" तू तक्ता तिच्यापुढे ठेवलास, तो घाणेरडा. तिने बोट ठेवून एकेक ओळ वाचली, "माहीत नाही" वाल्यासुद्धा. आणि म्हणाली, "मला त्यांना बघायचंय." मला नाही, मास्तरांना. ठीक आहे. मास्तरांना तर मास्तरांना. घर एकाच जिन्यात आहे.

रविवारी अकराची बस, पाचच्या बसने परत. राहायचं नाही. तू पूर्ण वेळ सोबत असणार. सगळं कबूल. मास्तरांना सांगितलं तर त्यांनी डाव्या हाताने दाढी केली आणि दोन ठिकाणी कापून घेतलं, अजून चार दिवस आहेत तरी. म्हणाले, "तुझी ताई हिशेबाला पक्की दिसते. मी एक तास चाळीस मिनिटं धरत होतो, साडेसातपासून. सात दहापासूनच धरायला हवं, तिचं बरोबर."

तुझ्या पत्राच्या शेवटी सहीखाली एकच शब्द वेगळा लिहिलाय. "उशाशी." मला आधी कळलाच नाही. मग वही काढली. धाकटीला ताप, ताई रात्रभर उशाशी. तुला आईने वाचून दाखवलं होतं, आणि तू चार वर्षं तो शब्द धरून बसली होतीस, बाई! मी तो शाईने लिहिला. कागद कडेला संपतो, म्हणून शेवटचं अक्षर खाली उतरलंय. आता मी बोलत नाही, मला रडू येतंय आणि आकडा उणे एक आहे, तो तसाच राहू दे.

रविवारचं सांगते, म्हणजे तुला कळेल. शनिवारी दहाला झोपणार. झोप लागणार नाही, पण पडून राहणार, गोळी घेऊन. सहाला उठणार. सात दहाला मास्तर. अर्धं पान, पूर्णविरामांसकट. पलंग दाखवायचा नाही असं ठरवलंय, विचारलं तरच. त्या दिवसाची ओळ कोरी ठेवलीये, सोमवारी भरेन.

आणि दहाला मी स्टँडवर येऊन बसणार. बस अकराची आहे हे मला माहीत आहे. फाटकाजवळ एक लोखंडी बाक आहे, त्यावर असेन. रस्त्यात बस बंद पडली, तू उशीर केलास, ऐन वेळी तिचं मन फिरलं आणि समजूत काढायला वेळ लागला, काहीही झालं तरी तिला घाई करू नकोस. तिला सांग, साडेपाच तास लागले तरी आई त्या बाकावरून उठणार नाही.